अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांचं तपासणी पॅकेज: फुप्फुसं बघितली, हृदय राहिलं

छातीचा एक्स-रे, स्पायरोमेट्री (फुंकून करायची फुप्फुसांची चाचणी), ईसीजी, रक्त-लघवी. अ‍ॅस्बेस्टॉसमध्ये काम केलेल्यांसाठीचं नेहमीचं पॅकेज इथंच थांबतं. फुप्फुसांपुरतं चालण्यासारखं, हृदयाच्या बाबतीत अर्धवट. आमच्याकडून पाचपैकी अडीच.

अ‍ॅस्बेस्टॉसचे बारीक धागे फुप्फुसात रुतले की तिथला भाग कडक होत जातो, बारीक रक्तवाहिन्या आक्रसतात, फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्ताचा दाब वाढतो आणि हृदयाची उजवी बाजू थकते. क्वचित हृदयाभोवतीचं आवरणही जाड होतं किंवा त्यात पाणी साचतं. हे काम सोडल्यावर वीस-तीस वर्षांनीही होऊ शकतं. पॅकेजमध्ये ‘हृदय तपासणी’ म्हणून मिरवतो तो ईसीजी. पण उजवीकडचा ताण बराच वाढेपर्यंत तो नॉर्मल येऊ शकतो.

म्हणून टूडी एको (हृदयाची सोनोग्राफी) जोडून घ्या. ‘इजेक्शन फ्रॅक्शन ६० टक्के’ एवढ्यावर समाधान मानू नका, दर ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर पडतं हे सांगणारा तो आकडा डाव्या बाजूचा. उजव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या ट्रायकस्पिड झडपेतून उलट येणाऱ्या रक्ताचा वेग लिहायला सांगा, सेकंदाला २.८ मीटरच्या वर गेला तर फुप्फुसातल्या दाबाची शंका घ्यायची. टॅप्सी (आकुंचनावेळी याच झडपेची कड किती सरकते ते माप) १७ मिलिमीटरपेक्षा कमी म्हणजे उजवा कप्पा नीट आकुंचन पावत नाही. आवरणाबद्दलही एक ओळ हवीच.

स्पायरोमेट्रीत सगळ्यात जास्त घाई होते. एकदाच फुंकायला लावून मोकळं करतात. नीट जमलेल्या किमान तीन फुंका हव्यात, आणि सर्वांत मोठ्या दोन एफव्हीसींत (पूर्ण श्वास घेऊन जोरात बाहेर फुंकलेली एकूण हवा) १५० मिलिलिटरपेक्षा जास्त फरक नको. उंची विचारून नव्हे, मोजून लिहावी. ती चुकली की अपेक्षित आकडाच चुकतो. एफव्हीसी कमी पण पहिल्या सेकंदात फुंकलेल्या हवेचं तिच्याशी गुणोत्तर नॉर्मल असेल तर ‘अडथळा नाही’ असा शेरा मारून फाइल बंद होते. अ‍ॅस्बेस्टोसिसचा (या धाग्यांनी फुप्फुसं कडक होण्याचा आजार) संशय तर याच चित्रावरून यायला हवा! सोबत डीएलसीओ (फुप्फुसांतून वायू रक्तात किती नीट जातो याची चाचणी) केली तर बिघाड आणखी लवकर कळू शकतो.

फॉर्मवर ‘अ‍ॅस्बेस्टॉस: हो/नाही’ एवढाच रकाना असतो. पाइपांचं लॅगिंग (उष्णता अडवणारं वेष्टन), ब्रेक लायनिंग, पत्रे कापणं यांपैकी काय केलं, किती वर्षं, बिडी-सिगारेट किती, हे शेजारी स्वतःच लिहा.

चालताना दम आणि संध्याकाळी घोट्यांना सूज असेल तर पॅकेजच्या भानगडीत न पडता थेट डॉक्टर गाठा. बाकीच्यांनी एको आणि डीएलसीओ जोडून मिळत असेल तरच हे घ्यावं, आणि एक्स-रेची सीडी मागून घ्यावी. पुढच्या वेळी तुलना करायला नुसता रिपोर्टचा कागद पुरत नाही.