जुनी पेट्रोल गाडी का इलेक्ट्रिक? पीयूसीच्या बाजूनं बघूया

आमच्या घरात दोन्ही गाड्या हायत, दोन्ही एमएच ०९ च्याच (म्हणजे कोल्हापूरच्या), म्हणून लिहितोय. वडलांची 2012 ची बाईक बीएस-3 आहे (बीएस म्हणजे सरकारनं ठरवलेली प्रदूषणाची पातळी, आकडा जेवढा मोठा तेवढा नियम कडक), तिला दर 6 महिन्यांनी पीयूसी, म्हणजे गाडीच्या धुराच्या तपासणीचं सर्टिफिकेट लागतं. बीएस-4, बीएस-6 वाल्यांना वर्षातनं एकदाच, आणि नवीन गाडीला रजिस्ट्रेशनपासनं पहिलं वर्ष माफ. मागच्या वेळी गंगावेशीजवळ नेली तर सायलेन्सरमध्ये नळी घातली, गाडी आयडलवर (रेस न देता नुसती चालू) ठेवली आणि सीओ, म्हणजे कार्बन मोनॉक्साईड हा विषारी वायू, 3.5 टक्क्याच्या मर्यादेच्या वर! फेल. मेकॅनिकनं एअर फिल्टर काढून दाखवला, काळाकुट्ट नुसता, तो बदलला, कार्ब्युरेटर ट्यून केला मग पास झाली. मला तर ही टेस्ट बरीच वाटते भावांनो, नाहीतर तो फिल्टर कोण बघतंय, आणि आपल्या मागच्या गाडीवर लहान पोरं बसलेली असतात.

बहिणीच्या इलेक्ट्रिक स्कूटरला पीयूसीच नाही, धूरच नाही तर तपासणार काय? पण इन्शुरन्स लागतोच, हे बरेच जण विसरतात.

पीयूसी नसली तर कायद्यात 10,000 पर्यंत दंड आहे. रोज रंकाळा ते राजारामपुरी एवढंच फिरणं असंल तर इलेक्ट्रिकच घ्या. गगनबावड्यासारखं लांब वरचेवर जाणार असाल तर पेट्रोल ठेवा, फक्त पीयूसीची तारीख मोबाईलमध्ये लावून ठेवा.