गंजलेला घरचा की घासलेला घाटावरचा? जुना लेथ घेण्याआधी

रत्नागिरीत जुना लेथ, म्हणजे धातू गोल कातायचं यंत्र, शोधायला निघालात की दोन जातीच्या मशिनी समोर येतात. एक इथलीच, बंद पडलेल्या वर्कशॉपमधली : पोरं मुंबईला, म्हातारा एकटा, मशीन दोन पावसाळे ताडपत्रीखाली. दुसरी आंबा घाट चढून कोल्हापूरला, कालपर्यंत दोन पाळ्यांत चाललेली. मी दोन्ही पाहिल्या.

इथली आठ फुटी, पंजाबातल्या बटाला बनावटीची, पट्ट्यावर चालणारी. बेडवर, म्हणजे मशीनचे भाग ज्यावर सरकतात त्या रुळांवर, तांबूस थर, काम धरणाऱ्या चकचे जबडे जाम. घाटावरची सहा फुटी एचएमटी, ऑल गिअर (वेग पट्ट्याऐवजी गिअरने बदलणारी), रंग नवा. पहिल्या नजरेत कोणीही दुसरीच उचलेल.

पण सॅडलची (हत्यार धरून बेडवर सरकणारा भाग) पट्टी चकजवळ घट्ट करून सॅडल टेलस्टॉककडे, म्हणजे चकच्या समोरच्या टोकाकडे, सरकवून बघा. एचएमटीचं सॅडल निम्म्या वाटेवरच अडकलं. म्हणजे टेलस्टॉककडचा बेड शाबूत, चकजवळचा खाल्लेला. तिथे बिडाचं कास्टिंग कातत होते. बिडाची काळी भुकटी तेलात मिसळली की बेड कानशीने घासल्यासारखा झिजतो. बेड ग्राइंडिंगला टाकला की स्वस्तात मिळालेली मशीन स्वस्त राहत नाही.

बटालावाली टोकापर्यंत सारखी सरकली. वरचा गंज रॉकेल आणि बारीक पॉलिश पेपरने निघतो, खाली बारीक खड्डे राहिले तरी बेड सरळ असेल तर काम अडत नाही. थ्रेड पाडताना सॅडल ओढणाऱ्या लीड स्क्रूचं मात्र तसं नाही. तिथे आटे गंजाने खाल्ले असतील तर हाफ नट (सॅडल लीड स्क्रूला जोडणारा नट) टाकून एक थ्रेड मारून बघितल्याशिवाय हो म्हणू नका. मोटरचं वाइंडिंग दमट हवेत गेलेलं असू शकतं, वायरमनकडून मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावून घ्या.

चिपळूणची मशीन असेल तर एक प्रश्न आधी : २०२१च्या जुलैच्या पुरात ही कुठे होती? वाशिष्ठी नदीचा गाळ हेडस्टॉकच्या (चक फिरवणारा भाग) बेअरिंगपर्यंत गेला असेल, तर वरून कितीही पुसलेली असो, सोडून द्या.

चालवून बघणं दोन्हीकडे सारखंच. "काका, जरा सुरू करून दाखवता का?" म्हटलं की इथे हमखास "आज लाइट नाय" ऐकू येतं. मग उद्या जा, पण न बघता टोकन देऊ नका. चकमध्ये जाड बार धरून, टेलस्टॉक न लावता, सहा इंचांच्या अंतराने दोन ठिकाणी हलका कट मारा आणि दोन्हीकडे मायक्रोमीटर लावा. दोन व्यासांत ०.०२ मिलिमीटरच्या आत फरक असेल तर छान.

आता काम कोणतं? मिरकरवाडा बंदरातल्या मासेमारी होड्यांचे शाफ्ट करायचे तर लांबी हवी. सहा फुटी म्हणजे बेड सहा फूट, दोन सेंटरमध्ये जेमतेम तीन-साडेतीन फूट उरतात. शिवाय पट्टा तुटला तर तुम्हीच बदलाल. ऑल गिअरचा दात गेला तर गिअर करून घेण्यात आठवडा जातो. उलट लोटे एमआयडीसीतल्या कंपन्यांची बुश-पिनांची घाऊक ऑर्डर हाती असेल, तर एचएमटीच घ्या, बेड ग्राइंडिंगचा खर्च आधीच भावातून वळता करून. मी बटालावालीकडे झुकलो. चक नवा टाकावा लागला, तो सौद्यात धरा.

खाजगी विक्रेत्याकडे पक्कं बिल नसतं. साध्या कागदावर का होईना, मशीनवरचा नंबर घालून विक्रीपत्र लिहून घ्या आणि तिच्यावर बँकेचा बोजा नाही हेही त्यातच लिहून घ्या. वजन टनाच्या पुढे. घाटावरून आणायची तर हायड्रा क्रेन आणि टेम्पोचं भाडं दोन्ही टोकांना लागतं, इथल्या इथे चेन ब्लॉक आणि चार माणसं पुरतात. आणायची ती मे लागण्याआधी आणा. १ जूनपासून मासेमारी बंद, होड्या वर ओढल्या की शाफ्टवाले तुमच्या दारात येतील, तेव्हा मशीन लेव्हल करत बसायला वेळ नसेल.