ऐकू नीट येतंय, तरी अकूस्टिक न्यूरोमाची शंका: बेरा करावी की एमआरआय?

ऑडिओग्राम (ऐकण्याची मोजणी) दोन्ही कानांचा नॉर्मल, पण एकाच कानात सतत शिट्टी वाजते, चालताना तोल जातो किंवा त्या कानाला फोन लावला की आवाज येतो आणि शब्द कळत नाहीत. अशा वेळी अकूस्टिक न्यूरोमाची, म्हणजे कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेवरच्या गाठीची शंका येते. अशा रुग्णासाठी पैसे वसूल करणारी तपासणी एकच: बारीक स्लाइसचा एमआरआय. बेरा (कानात आवाज देऊन नसेत उठणाऱ्या लहरी डोक्याला लावलेल्या इलेक्ट्रोडने नोंदवणारी चाचणी) दुसऱ्या नंबरवर, तीही बऱ्याच अंतराने.

बेरा अगदीच टाकाऊ नाही. सुई नाही, रेडिएशन नाही, आणि ऐकणं शाबूत असल्याने लहरी स्वच्छ उमटतात. आवाजानंतर ओळीने उठणाऱ्या लहरींपैकी पाचवी यायला दोन कानांत 0.2 मिलीसेकंदांहून जास्त फरक दिसला तर शंका घ्यायची. इलेक्ट्रोडचा इम्पीडन्स (विजेला होणारा अडथळा) 5 किलोओहमच्या खाली हवा, दोन्ही कानांना आवाजाची पातळी सारखी हवी, आणि प्रत्येक नोंद दोनदा घेऊन एकमेकींवर ठेवून पाहायला हवी. नाहीतर फरक नसेचा की जोडणीचा, हेच कळत नाही.

खरी खोट वेगळीच आहे. क्लिकने (चाचणीतल्या छोट्या ‘टक्’ आवाजाने) उठणारी पाचवी लहर मुख्यतः नसेतल्या वरच्या फ्रिक्वेन्सीच्या तंतूंवर चालते. 1 सेंटीमीटरहून लहान गाठीचा दाब त्या तंतूंवर पडत नसेल, तर लहर वेळेवर येते आणि रिपोर्ट नॉर्मल. मोठी गाठ सहसा सुटत नाही. पण ऐकणं वाचवायचं तर गाठ लहान असतानाच सापडायला हवी, आणि नेमकी तिथेच बेरा कमी पडते.

इतर तपासण्यांचंही तसंच. कॅलरिक चाचणीत (कान गरम-थंड करून तोल तपासताना) वरची वेस्टिब्युलर, म्हणजे तोलाची नस तपासली जाते. गाठ खालच्या नसेवर असली तर ती निसटू शकते. साध्या सीटीतही लहान गाठ सहज हुकते.

एमआरआय लिहून देताना नुसतं ‘ब्रेन’ लिहू नका. 5 मिलिमीटरच्या स्लाइसमध्ये काही मिलिमीटरची गाठ दोन स्लाइसच्या मध्ये हरवते. चिठ्ठीवर ‘इंटर्नल ऑडिटरी कॅनाल, थ्रीडी टी2, 1 मिलिमीटरपेक्षा पातळ’ असं स्पष्ट हवं: कॅनाल म्हणजे या नसा जिथून जातात ती हाडातली नळी, टी2 आणि टी1 हे एमआरआयच्या चित्रांचे प्रकार. टी2 मध्ये द्रव पांढराशुभ्र दिसतो आणि नसा काळ्या धाग्यांसारख्या; धाग्यावर फुगवटा दिसला की गॅडोलिनियम (शिरेतून द्यायचं, गाठ चमकवणारं औषध) देऊन टी1. डोस किलोमागे 0.1 मिलीमोल, पण त्याआधी किडनीचा रिपोर्ट पाहून. पेसमेकर किंवा कॉक्लिअर इम्प्लांट असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच सांगावं.

गॅडोलिनियमने चमकणारा प्रत्येक ठिपका गाठच असतो असं नाही. नसेला सूज असली तरी ती चमकते. ठिपका अगदी बारीक असेल तर काही महिन्यांनी त्याच प्रोटोकॉलने पुन्हा स्कॅन करून घ्यावा: सूज ओसरते, गाठ तशीच राहते किंवा वाढते.