संत्र्याची पानं पिवळी पडली आणि मी ३४ हजारांना गेलो

लिहायला लाज वाटते. पण आमच्या वरुडच्या भागात अशी पांढरी गाडी पुन्हा फिरून राहिली असं मागच्या आठवड्यात कानावर आलं, म्हणून लिहितो.

माझी ३८० झाडं, तेरा वर्षांची, जंभेरीवर, म्हणजे जंभेरी लिंबाच्या खुंटावर, बांधलेली कलमं. गेल्या वर्षी पोळ्याच्या आठवड्यात अंबियाची, म्हणजे हिवाळा सरता सरता फुलणाऱ्या बहाराची, फळं झाडावर होती आणि बाग पिवळी पडू लागली. आधी नाल्याकडची चाळीस-पन्नास झाडं, मग वरच्या अंगालाही कुठंकुठं. खाली फळांचा सडा. व्यापाऱ्यानं उन्हाळ्यातच इसार देऊन ४ लाख २० हजारांत बाग ठरवली होती. तो एकदा येऊन धुऱ्यावरूनच पाहून गेला, एक शब्द बोलला नाही. व्यापारी बोलत नाही तेव्हा काय समजायचं ते कास्तकाराला कळते. त्या रात्रीपासून माझी झोप गेली.

नेमक्या अशा वेळी गाडी आली. दोघं होते. एकाच्या गळ्यात कसलं तरी कार्ड, हातात भिंग, आणि तोंडात 'दादा'. मोफत तपासणी म्हणाले. साहेबांनी माझ्याच वावरातली मूठभर माती एका बशीत घेतली आणि खिशातल्या छोट्या बाटलीतून चार थेंब टाकले. माती फसफसून वर आली, सोड्यासारखी.

"पाहा दादा, जमीन आतून उकळून राहिली. व्हायरस मुळापर्यंत गेला. याला ग्रीनिंग म्हणतात. पंधरा दिवस."

पंधरा दिवसांनी काय, ते त्यानं सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. मी ती फसफस स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती आणि माती माझीच होती. दुसऱ्याच्या जमिनीचा फोटो दाखवला असता तर मी हसून परत पाठवलं असतं.

मग त्यानं काटोलकडच्या एका 'कास्तकारा'ला फोन लावून दिला. पलीकडचा माणूस अस्सल आपल्या बोलीत म्हणाला, "बाप्पा, घेऊन टाक, माही बाग याच्यानंच वाचली." तो त्यांचाच माणूस असणार हे आज कळते.

झाडामागं ९० रुपये, म्हणजे ३४ हजार २००. पंधरा हजार रोख दिले, बाकीचे तिथंच फोनवरून. बिल मागितलं तर एक चकचकीत 'गॅरंटी कार्ड' हातात आलं, त्यावर झाडाचं चित्र आणि एक मोबाईल नंबर. औषध म्हणजे पांढऱ्या डब्यांत भुकटी आणि हिरव्या पाण्याच्या बाटल्या. डब्यावर 'सेंद्रिय वृक्ष संजीवनी' एवढंच. कारखान्याचा पत्ता नाही, बॅच नंबर नाही, तारीख नाही, आत काय आहे तेही नाही.

भुकटी घोळायला घेतली तेव्हाची गोष्ट मला विसरता येत नाही. बादलीत भुकटी पडली आणि काडीनं ढवळता ढवळता बादली बाहेरून गार झाली, हात लावला तर फ्रिजमधल्या पाण्यासारखी. मी म्हणालो, औषधात दम आहे. बायको शेजारी उभी होती. ती म्हणाली, "युरिया घोळला का बादली अशीच गार पडते. काऊन हो, हे दुसरं काय आहे?"

मी तिच्यावर खेकसलो. तेरा वर्षं युरिया घोळतोय मी, मला हे माहीत नव्हतं असं नाही. ३४ हजार गेल्यावर माणसाला काही गोष्टी माहीत असायच्या नसतात.

दहा-बारा दिवसांत वरच्या अंगाची झाडं खरंच थोडी हिरवी दिसायला लागली. मी दोन शेजाऱ्यांना तो नंबर दिला, हे सगळ्यात वाईट. पानांवर युरियाचं पाणी मारलं की चार दिवस हिरवटपणा येतोच. दसऱ्यापर्यंत नाल्याकडच्या झाडांचे शेंडे वाळले, सल, म्हणजे वाळक्या काड्या, वर दिसू लागली, पानं चिमटीत धरली की देठासकट हातात यायची. नंबर बंद.

आमच्या गावात एक निवृत्त कृषी सहायक आहेत, सगळे त्यांना काकाच म्हणतात. त्यांना आधी का बोलावलं नाही, याचं उत्तर माझ्याकडे नाही. गावातलं माणूस फुकट सांगते म्हणून असेल. ते आले, झाडाखाली उकिडवे बसले आणि मी पानं तोडून दाखवत होतो तर म्हणाले, "पान काय दाखवून राहिला बाप्पा, कुदळ आन."

बुंध्याजवळची माती त्यांनी हातानं ओढली. ट्रॅक्टरनं डवरता डवरता आम्हीच दरसाल बुंध्याला माती लावत गेलो होतो, कलमाचा डोळा, म्हणजे कलम बांधल्याची जागा, वीतभर खाली गाडला गेला होता. डोळ्याजवळ सालीवर डिंकाचे मण्यांसारखे पिवळे थेंब. ते मी दोन वर्षांपासून पाहत होतो, संत्र्याला येतो डिंक, असं समजून. चाकूनं साल खरवडली तर आत तपकिरी. मग त्यांनी बारीक तंतुमुळं उपसली आणि एक मूळ चिमटीत धरून ओढलं. वरची साल मोज्यासारखी निघून त्यांच्या बोटांत राहिली आणि आतला नुसता दोरा लोंबत राहिला. कुजल्याचा आंबूस वास आला. "हा तुहा व्हायरस," काका म्हणाले. फायटोफ्थोरा. आपण डिंक्या आणि मूळकूज म्हणतो तेच. नाल्याकडची काळी भारी जमीन, श्रावणात आठ-आठ दिवस पाणी थांबलेलं, बुंधा मातीत गाडलेला. त्याला आणखी काय पाहिजे होतं?

वरच्या अंगाचं दुखणं मात्र वेगळंच निघालं. काकांच्या सांगण्यावरून माती आणि पानं नागपूरला अमरावती रोडवरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत नेली. तिथं एका मुलानं माझ्या मातीवर आम्लाचे थेंब टाकले आणि माती फसफसली. अगदी तशीच! मला घाम फुटला. तो सहज म्हणाला, "चुना जास्त आहे जमिनीत." एवढंच. चुनखडीच्या जमिनीवर आम्ल टाकलं की वायू सुटतो. त्या भामट्यानं मला खरी खूण दाखवली होती आणि नाव खोटं सांगितलं होतं. चुन्याच्या जमिनीत लोह आणि जस्त असूनही झाडाला उचलता येत नाही, म्हणून वरच्या अंगाची पानं पिवळी. एकाच बागेत दोन दुखणी, आणि त्यानं दोन्हीवर एकच डबा विकला.

पिवळं पान पाहून घाबरण्याआधी पिवळेपणा कसा आहे ते पाहायचं असते, हे मी तिथं शिकलो. कोवळं पान पिवळं आणि शिरा मात्र हिरव्या जाळीसारख्या, तर लोह कमी. पानं लहान, अरुंद, शिरांच्या मधे पिवळे पट्टे, तर जस्त. जुनी पानं सरसकट फिकी पडली तर नत्र. जुन्या पानाच्या कडा पिवळ्या आणि देठाकडं उलट्या व्ही सारखा हिरवा तुकडा राहिला तर मॅग्नेशियम. मूळ कुजलेलं असेल तर उलटं होते, मधली शीर आधी पिवळी पडते आणि पान निस्तेज होऊन गळते. आणि ज्याचं नाव घेऊन मला घाबरवलं, त्या ग्रीनिंगमधे पानाच्या दोन अर्ध्या भागांवरचे पिवळे डाग एकमेकांशी जुळत नाहीत. तो व्हायरस नाहीच, जिवाणू आहे, सिट्रस सायला नावाची कीड पसरवते, आणि पक्कं निदान प्रयोगशाळेतच होते. वर गंमत अशी, की बाग बरी करणारं त्यावर औषध बाजारात नाही. म्हणजे साहेबांचं निदान खरं असतं तरी त्यांचा डबा खोटाच होता.

उपाय स्वस्त निघाले, याचाच जास्त राग येतो. बुंध्याची माती बाजूला केली, डिंकाची साल खरवडून काढली आणि बोर्डो मलम लावलं: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद प्लास्टिकच्या ड्रममधे भिजवायचं, लोखंडी भांड्यात नाही. तयार झाल्यावर घासलेलं विळ्याचं पातं बुडवून पाहायचं, पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, आणखी टाकायचा. हीसुद्धा रंगाचीच परीक्षा, पण हिच्यात कोणी खिशातून बाटली काढत नाही. जिथं मूळकूज होती तिथं मेटॅलॅक्सिल-मॅन्कोझेब हे बुरशीनाशक लिटरला अडीच ग्रॅम घेऊन झाडाच्या घेराखाली ओतलं. नाल्याकडं ओळींच्या मधून चर काढले. आळं दुहेरी केलं, म्हणजे पाणी बाहेरच्या कड्यात राहते, बुंध्याला लागत नाही. वरच्या अंगाला अहवालात लिहिलं तेवढंच जस्त आणि लोह, फवारणीतून, कारण चुन्याच्या जमिनीत ते मातीत टाकून फायदा नाही.

तक्रारीचं म्हणाल तर मी तालुक्याला कृषी कार्यालयात गेलो. तिथल्या अधिकाऱ्यांनी पहिला प्रश्न विचारला, बिल? मग, डब्यावरचा बॅच नंबर? कीटकनाशक विकायला १९६८च्या कायद्याप्रमाणे परवाना लागतो, आणि ही 'टॉनिकं', जैव उत्तेजकं म्हणतात ती, २०२१पासून खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत. पण माझ्या हातात एक चकचकीत कार्ड, कोणाचं ते कार्डावरही नाही. पोलीस ठाण्यात अर्ज दिला, फोनवरून पाठवलेल्या पैशांची नोंद जोडली. अजून काही नाही. तेवढी नोंद तरी आहे. रोख दिलेले पंधरा हजार तर मी दिले होते हेही कोणाला दाखवता येत नाही.

आणखी एक. त्या बाटल्या मारताना गड्यानं तोंडाला फडकंही बांधलं नव्हतं, सेंद्रिय आहे म्हणून. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतल्या विषबाधेनं किती कास्तकार आणि मजूर गेले ते आपण विदर्भातले लोक विसरलो नाही. बाटलीत काय होतं हे मला आजही माहीत नाही, आणि मी दुसऱ्याच्या पोराला ते मारायला लावलं. त्याला काही झालं नाही. झालं असतं तर ३४ हजारांची गोष्ट मी सांगितलीच नसती.

व्यापाऱ्यानं शेवटी २ लाख ६० हजार दिले. ४१ झाडं काढून टाकली. त्या जागी या पावसाळ्यात रंगपूर लिंबावरची कलमं लावली, डोळा जमिनीपासून चांगला वर ठेवून. ज्या दोन शेजाऱ्यांना मी नंबर दिला होता, त्यातल्या एकानं नऊ हजार दिले होते. त्याच्या घरावरून जाताना मी अजून मान खाली घालून जातो.

गाडी पांढरी आहे, मागं काचेवर झाडाचं चित्र. दोघं असतात, बोलणारा उंच, खिशात छोटी बाटली. बशीत माती घेईल तेव्हा अडवू नका, फसफसू द्या. मग कुदळ हातात देऊन एक मूळ उकरून दाखव म्हणा, आणि तोपर्यंत १८००-१८०-१५५१ ला फोन लावा, किसान कॉल सेंटर, फुकट आहे, मराठीत बोलतात.