अन्ननलिकेतला रक्तस्राव : बँड की इंजेक्शन?

लिव्हर सिरॉसिसच्या (यकृत कडक, आकसलेलं झालेल्या) रुग्णाला रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शी झाली, तर अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची फुगलेली शीर फुटली असावी असंच आधी धरायचं. मग दवाखान्यात विचारतात, बँड घालू की इंजेक्शन देऊ? दोन्ही शक्य असतील तर बँडच.

बँडिंगमध्ये दुर्बिणीच्या टोकावर पारदर्शक टोपी बसवतात. तिच्यावर सहा-सात रबरी बँड ताणलेले असतात. शीर टोपीत ओढून बँड सोडला की तिचा रक्तपुरवठा तुटतो. सुरुवात अन्ननलिका जठराला मिळते तिथून, मग वळसे घेत वर. इंजेक्शनमध्ये पॉलिडोकॅनॉलसारखं औषध शिरेत किंवा शेजारी टोचतात, एका जागी साधारण 1-2 मिली. ते भिंतीत खोल उतरलं तर मोठा व्रण होतो, पुढे अन्ननलिका आवळते, क्वचित छिद्रही पडतं. बँडचा व्रण बहुधा उथळ असतो, पुन्हा रक्त जाण्याचं प्रमाण कमी आणि फेऱ्याही कमी. बँडचा सेट महाग पडतो, पण हिशेब एका फेरीचा नव्हे, सगळ्या फेऱ्यांचा करा.

इंजेक्शनची गरज उरते ती टोपी घशातून उतरत नाही अशा लहान बाळांत, किंवा आधीच्या उपचारांनी भिंत कडक होऊन शीर टोपीत ओढली जात नाही तेव्हा. जठराच्या वरच्या फुगीर भागातल्या शिरांना मात्र सायनोॲक्रिलेट ग्लू (शीर आतून बंद करणारा गोंद) लागतो.

दुर्बीण 12 तासांच्या आत व्हायला हवी. खानापूरहून बेळगाव, निपाणीहून कोल्हापूर, अथणीहून मिरज जवळ. पण निघतानाच फोन करून विचारा: आज रात्री बँडिंग करणारे डॉक्टर आणि सेट, दोन्ही आहेत का? सरकारी आरोग्य योजनेचं कार्ड कर्नाटकाचं की महाराष्ट्राचं चालेल, तेही तेव्हाच विचारा. टर्लिप्रेसिन किंवा ऑक्ट्रिओटाइड (शिरांतला दाब उतरवणारं औषध) आणि सेफ्ट्रिॲक्सोन (अँटिबायोटिक) 1 ग्रॅम तालुक्याच्या दवाखान्यातच सुरू करता आलं तर उत्तम. दुर्बिणीची वाट पाहू नये. नातेवाईक ‘भरपूर रक्त चढवा’ म्हणतात, ते टाळा: हिमोग्लोबिन 7-8 पुरतं, जास्त चढवलं तर यकृताकडच्या शिरेतला दाब वाढून पुन्हा फुटू शकतं.

बँडनंतर दिवस-दोन दिवस छातीत दुखणं, गिळताना अडणं चालतं; आधी पातळ, मग मऊ खाणं. बँड गळून पडला की व्रणातून रक्त येऊ शकतं, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत. त्या काळात दवाखान्यापासून लांब जाऊ नका. फुगलेल्या शिरा नाहीशा होईपर्यंत दर 2-4 आठवड्यांनी फेरी लागते; सोबत, रक्तदाब झेपत असेल तर, डॉक्टर शिरांतला दाब कमी करायला कार्व्हेडिलॉल किंवा प्रोप्रानोलॉल देतात. रक्त थांबलं म्हणून दुसरी फेरी चुकवणं हीच सर्वांत महागात पडणारी चूक.

बँडनेही थांबलं नाही, तर फुग्याची नळी (फुगा फुगवून शीर आतून दाबून धरणारी) फार तर 24 तास वेळ मिळवून देते. तेवढ्यात टिप्स (यकृताच्या आत शिरा जोडणारी नळी बसवून दाब उतरवणं) करणाऱ्या केंद्रात पोहोचवावं लागतं. ते जवळ कुठे आहे, हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवा.