आमचं क्लाउड कुणाच्या नावावर होतं

आमचं बेअरिंग, ऑइल सील आणि व्ही-बेल्टचं दुकान. सासऱ्यांनी वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात एका गाळ्यात सुरू केलं. आता माल मुजमहुड्याच्या गोडाउनमध्ये असतो आणि गिऱ्हाईक बहुतेक मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतलं. माल हे बघतात, हिशेब मी आणि आमचे मेहताजी, म्हणजे हिशेबनीस. हे आधीच सांगते, कारण फसले ती मी. ह्यांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही असं घरात सगळे म्हणतात, पण पैसे देण्याआधी "हे नक्की कुणाच्या नावावर राहणार?" असं विचारणारे तेच होते. आणि "तुम्हाला नाही कळायचं ते" म्हणून त्यांना गप्प करणारी मी.

२०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीला पूर आला तेव्हा गोडाउनमध्ये दोन दिवस कंबरभर पाणी होतं. २०१९ च्या ३१ जुलैला वडोदऱ्यात एका दिवसात वीस इंचांच्या आसपास पाऊस पडला, तेव्हा आम्ही वाचलो होतो, म्हणून गाफील. टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा, मुख्य कॉम्प्युटर टेबलाखाली, आणि त्याचा बॅकअप घेतलेला पेन ड्राइव्ह त्याच टेबलाच्या खालच्या खणात! नदीतली मगर आत आली नाही एवढंच नशीब. पाणी उतरल्यावर मेहताजींनी डबा उचलला तर त्यातून चहासारखं पाणी ओघळत राहिलं. पाच महिन्यांची बिलं कागदावरून परत चढवली. त्या दिवसांत कुणीही येऊन "पुन्हा असं होणार नाही" म्हटलं असतं तर मी त्याला चहा पाजला असता.

तो आला गणपतीत, आरतीला. पस्तिशीचा, आईवडील ओळखीचे, मराठी आपल्यासारखंच अर्धं गुजराती मिसळलेलं. "काकू, डेटा मुंबईत असला की पूर आला काय, आग लागली काय, तुमच्या टेबलाखाली काही नकोच." म्हणाला, अमेझॉनची क्लाउड सेंटरं, म्हणजे इंटरनेटवरून वापरायचे भाड्याचे कॉम्प्युटर, मुंबईत २०१६ पासून आहेत, २०२२ मध्ये हैदराबादलाही झाली, तुमचं मशीन मुंबईला ठेवू आणि रोजचा बॅकअप हैदराबादला. ही सालं, ही गावं बरोबर आहेत, मी नंतर तपासलं. फक्त आमचा डेटा दोन्हीकडे नव्हता.

एक कबूल करायला हवं, त्याला काम येत होतं. क्लाउडवर जायचं म्हटलं की अडचणी येतात त्या मोठ्या नसतात, चिवट असतात. पहिल्या दिवशी त्या दूरच्या मशीनवरून बिल छापायला दिलं तर डॉट मॅट्रिक्सवर कागद चार ओळी वर सरकला आणि पार्टीचं नाव छिद्रांवर छापलं गेलं. त्याने दोन संध्याकाळी बसून कागदाचं माप जुळवलं. नेट गेलं की दुकान ठप्प, म्हणून दुसऱ्या कंपनीची लाइन घ्यायला लावली. मेहताजी बासष्ट वर्षांचे, आयकॉनवर दोनदा क्लिक करून "दुसऱ्याच्या घरात" शिरायला घाबरायचे. त्यांना त्याने आठवडाभर शेजारी बसून शिकवलं. हे सगळं पाहून मी निर्धास्त झाले. जो माणूस प्रिंटरसाठी रात्री नऊपर्यंत थांबतो, त्याला "खात्याचा पासवर्ड दाखव" कसं म्हणायचं?

पैसे असे गेले. तीन वर्षांचं आगाऊ बुकिंग केलं तर दर बराच कमी पडतो, म्हणून १,६२,००० रुपये, वर १८ टक्के जीएसटी २९,१६०. एकूण १,९१,१६० रुपये ऑक्टोबरमध्ये त्याच्या खात्यात. शिवाय महिन्याला ४,५०० देखभालीचे. तीन वर्षांच्या बुकिंगला सूट मिळते हेही खरंच आहे, पण ते बुकिंग ज्याचं खातं त्याला आत शिरून दिसतं. आमचं खातंच नव्हतं.

आता माझी लाज. मी जीएसटीची रिटर्न्स स्वतः भरते. दर महिन्याच्या १४ तारखेला टू-बी येतं, त्यात आपल्याला माल किंवा सेवा देणाऱ्यांनी भरलेली बिलं दिसतात, त्यावरच आपली क्रेडिट, म्हणजे आपण दिलेल्या जीएसटीची वजावट, मिळते. नोव्हेंबरच्या टू-बीमध्ये त्याचं बिल नव्हतं. डिसेंबरमध्येही नाही. विचारलं तर म्हणाला, "काकू, सीए बदलतोय, मार्चमध्ये एकत्र टाकतो." एखाद्या बेअरिंगवाल्याने २,००० रुपयांचं बिल टाकलं नाही तर मी त्याला दिवसातून तीन फोन करते. इथे २९,१६० रुपयांची क्रेडिट लटकलेली आणि मी मार्चची वाट बघत बसले. का? तर आरतीला रोज भेटायचा मुलगा.

२०२५ च्या ८ जुलैला सकाळी आयकॉनवर क्लिक केलं, काळी खिडकी आली आणि गेली. "मुंबईच्या सेंटरला मेंटेनन्स आहे." ९ तारखेलाही तेच. ११ ला जीएसटीआर-१ ची, म्हणजे विक्रीच्या रिटर्नची, शेवटची तारीख. १० तारखेला दुपारी चारला चालू झालं, आम्ही रात्री दीडपर्यंत बसून ११ चा दिवस उजाडायची वाट न बघता भरून टाकलं. मग मी ठरवलं, आपला डेटा एकदा आपल्याकडे उतरवून घ्यायचा. तसं सांगितल्यावर त्याचा सूर बदलला. डेटा बाहेर काढायचा तर अमेझॉन "एग्रेस चार्ज" लावतं म्हणे. ८५,००० रुपये, आधी भरायचे.

माझा भाचा पुण्यात हेच काम करतो. त्याला आधी का विचारलं नाही, हे तो अजून विचारतो. फोनवर त्याचा पहिला प्रश्न, "मावशी, डेटा किती?" चौदा जीबी. तो हसायलाच लागला. डेटा बाहेर नेण्याला दर असतो हे बरोबर, पण अमेझॉनवर महिन्याला पहिले १०० जीबी फुकट आहेत. मुंबईहून त्यापुढेही एका जीबीला अकरा सेंटच्या आसपास, म्हणजे दहा रुपयांच्या आसपास. आणि कायमचं सोडून जाणाऱ्यांना तर २०२४ मध्ये गूगल, अमेझॉन, मायक्रोसॉफ्ट तिघांनीही हा खर्च माफ करायला सुरुवात केली. म्हणजे ८५,००० हा आकडा त्याने नुसता फेकला होता.

मग भाच्याने त्या आयकॉनवर उजवं क्लिक करून आतला आकडा वाचायला सांगितला. चार तुकड्यांचा आयपी नंबर, म्हणजे मशीनचा इंटरनेटवरचा पत्ता. तो कुणाला दिलेला आहे हे इंटरनेटवर कुणालाही बघता येतं, पाच मिनिटांचं काम. निघाला इथल्याच, वडोदऱ्यातल्या एका साध्या ब्रॉडबँडवाल्याचा. मुंबई नाही, हैदराबाद नाही. बॅकअपचा फोल्डर मेहताजींनी उघडला, डी ड्राइव्हवर, त्याच मशीनवर. रोजच्या तारखेची एक एक फाइल, ओळीने. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "बेन, आ तो बधी फाईल एक ज साइझनी छे." प्रत्येक फाइल एक केबीची. नऊ महिने रोज रात्री रिकामी पाकिटं शिवून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं न सांगता त्याच्या ऑफिसवर गेलो. दुसरा मजला, एक खोली. मांडणीवर तीन सीपीयूचे डबे, झाकणं काढलेली, समोर टेबलफॅन चालू, खाली इन्व्हर्टर. प्रत्येक डब्यावर खाकी टेप आणि त्यावर मार्करने नावं. मधल्या डब्यावर चार नावं होती, त्यातलं दुसरं आमच्या दुकानाचं, तेही ऱ्हस्व-दीर्घाची चूक करून. ८ तारखेला मेंटेनन्स नव्हता, विजेच्या झटक्याने त्या डब्याचा पॉवर सप्लाय जळला होता. जळका तिथेच कोपऱ्यात पडलेला. साध्या विंडोजमध्ये बाहेरून एका वेळी एकच माणूस शिरू शकतो, पाच जणांना शिरता यावं म्हणून त्याने वर चोरीचं काहीतरी बसवलेलं, हे भाच्याने नंतर ओळखलं. हे काही बोलले नाहीत. टेपवर बोट ठेवून एवढंच म्हणाले, "हेच का रे ते मुंबई?"

डेटा त्याच वेळी, त्याच्यासमोर, आपल्या डिस्कवर उतरवून घेतला. तिथून उठलोच नाही. तेवढं शहाणपण सुचलं. पण खरी ओढाताण पुढे झाली. आमचं वेबसाइटचं नाव, ज्यावर अकरा वर्षांचे ईमेल येतात, ते त्याने "एका ठिकाणी बरं पडेल" म्हणून स्वतःच्या खात्यात हलवून घेतलं होतं. टॅलीच्या लायसन्सवर मुख्य ईमेल त्याचा. दोन्ही परत मिळवायला वकिलाची नोटीस आणि सात आठवडे लागले, आणि त्या सात आठवड्यांत दोन चौकश्या कुठल्या कुठे गेल्या हे गिऱ्हाइकांनीच नंतर सांगितलं. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला होता. पैसे नुकतेच गेले असते तर पुढच्या बँकेत अडवायचा प्रयत्न करता आला असता. नऊ महिन्यांपूर्वीच्या पैशांचं तसं काही होत नाही. ऑनलाइन तक्रार नोंदवली, पावत्या आणि चॅट जोडले. आजपर्यंत ४०,००० परत आले आहेत, तेही त्याच्या वडिलांनी आणून दिले. मला ते घेताना बरं वाटलं नाही, पण घेतले.

क्लाउड आम्ही सोडलं नाही. टेबलाखाली परत डबा ठेवायची माझी हिंमत नाही. या वेळी खातं दुकानाच्या ईमेलवर, पैसे दुकानाच्या कार्डवरून, आत शिरतानाचा दुसरा कोड माझ्या फोनवर. भाच्यालाही फक्त काम करण्यापुरतं वेगळं लॉगिन दिलंय, जे मी केव्हाही बंद करू शकते. तो जरा रागावला, मग म्हणाला बरोबर केलंस. खात्यात जीएसटी नंबर घातल्यापासून बिल दर महिन्याला थेट कंपनीकडून आमच्या नावाने येतं आणि टू-बीमध्ये दिसतं. रात्री आणि रविवारी मशीन बंद ठेवतो, बंद मशीनचं भाडं लागत नाही, डिस्कचं तेवढं लागतं. सगळं धरून महिन्याला पाच हजारांच्या आत-बाहेर. पहिला महिनाभर जुन्या लॅपटॉपवरही रोजची बिलं चढवली, दोन्हीकडची शिल्लक जुळली तेव्हाच लॅपटॉप मिटला. अजूनही दर शनिवारी मेहताजी त्या लॅपटॉपवर बॅकअप उघडून बघतात आणि एका पार्टीची बाकी वहीत लिहितात. फाइल आहे एवढ्यावर त्यांचा आता विश्वास नाही, उघडायला हवी.

त्या मधल्या डब्यावरच्या इतर तीन नावांचा मी फोटो काढून आणला होता. तिघांनाही फोन केले. पहिले म्हणाले, "ताई, आपलाच मुलगा आहे हो, काहीतरी गैरसमज असेल." दुसऱ्यांनी ऐकून घेतलं आणि ठेवून दिला. तिसऱ्या बाई, माझ्याच वयाच्या, औषधांची होलसेल एजन्सी आहे त्यांची, बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग कागद हलल्याचा आवाज आला आणि त्यांनी विचारलं, "ऑक्टोबरचं बिल आहे माझ्याकडे त्याचं. टू-बी कुठल्या महिन्याचं उघडू?"