मिरजेतील रात्रभर उघडे असणारे एक औषधांचे दुकान : ग्राहकसेवेविषयी अभिप्राय

मिरजेत औषधांच्या दुकानांची वाण नाही. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये येथे रुग्णालय सुरू केले, १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले आणि गावाचा लौकिकच दवाखान्यांचा झाला. आज जत-कवठेमहांकाळपासून सीमेपलीकडच्या अथणी-रायबागपर्यंतचे रुग्ण रेल्वेने आणि एसटीने येथे उतरतात. त्यामुळे येथील ‘मेडिकल’समोर उभा असलेला माणूस बहुधा परगावचा, रात्रभर जागलेला, खिशातल्या पैशांचा मनातल्या मनात हिशेब करणारा आणि वॉर्डात दाखल असलेल्या आपल्या माणसाच्या काळजीने खचलेला असतो. अशा माणसाशी दुकानदार कसा वागतो, याच कसोटीवर हा अभिप्राय लिहीत आहे, कारण औषधे आणि त्यांचे दर यांत मला दुकानादुकानांत फारसा फरक आढळला नाही.

वडील दाखल असताना रुग्णालयांच्या गल्लीतील या दुकानात माझे वरचेवर जाणे झाले. एका रात्री बिलाची रक्कम ऐकून एक गृहस्थ एकदम भडकले आणि ‘तुम्ही लोक लुटायलाच बसलाय’ असे मोठ्याने बोलू लागले. काउंटरवरच्या फार्मासिस्टने त्यांना गप्प केले नाही आणि स्वतःचा आवाजही चढू दिला नाही. त्यांनी चिठ्ठी पुन्हा हातात घेतली, पेन्सिलीने तिच्यात एक आडवी रेघ ओढली आणि म्हणाले, “काका, रेघेच्या वरचं इंजेक्शन आणि सलाईनचा सेट आत्ता लागणार, तेवढं घेऊन जा. खालच्या गोळ्या डिस्चार्जनंतरच्या आहेत, त्या आज नाही घेतल्या तरी चालतील.” बिल निम्म्याहून कमी झाले. ते गृहस्थ क्षणभर तसेच उभे राहिले आणि मग हलक्या आवाजात इंजेक्शन किती वाजता द्यायचे ते विचारू लागले. त्यांच्या रागाचे मूळ पैशांच्या चिंतेत आहे हे ओळखून त्या चिंतेवर उपाय करणे, आणि तेही स्वतःची विक्री कमी करून, याला मी उत्तम सेवा म्हणतो.

दुसरी गोष्ट मला याहूनही मोलाची वाटते. घाबरलेल्या माणसाला सांगितलेले ऐकू येते, पण लक्षात राहत नाही. चिठ्ठीवरचे १-०-१ म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक, हे काउंटरवर मान डोलावून ऐकणारा माणूस जिना चढेपर्यंत विसरलेला असतो आणि चूक झाली तर तिची किंमत रुग्ण मोजतो. येथे प्रत्येक पाकिटावर ‘सकाळी जेवणानंतर’ असे ठळक अक्षरांत लिहून देतात आणि नंतर विचारतात, “मावशी, आता तुम्ही मला सांगा, ही गोळी कधी द्यायची?” उत्तर चुकले तर कपाळावर आठी न आणता पुन्हा पहिल्यापासून समजावतात. अथणीकडच्या एका बाईंना इन्सुलिन घेऊन एसटीने गावी जायचे होते. ते २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागते, मात्र गोठता कामा नये, म्हणून कुपी कापडात गुंडाळून, बर्फाला थेट टेकणार नाही अशी पिशवीत कशी ठेवायची, हे त्यांना मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये करून दाखवण्यात बराच वेळ गेला. मागे रांग होती, तरी कोणालाही घाई केली गेली नाही.

या मृदुपणाचा अर्थ मागेल ते देणे असा मात्र नाही. झोपेच्या गोळीसाठी अजिजी करणाऱ्या एका तरुणाला त्यांनी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय गोळी देण्यास स्पष्ट नकार दिला. कायदाही तेच सांगतो. नकारानंतर त्यांनी त्याला वाऱ्यावर सोडले नाही. झोप का येत नाही याची चौकशी केली, त्याची आई अतिदक्षता विभागात आहे हे ऐकून घेतले आणि रात्रपाळीच्या डॉक्टरांना कोठे गाठायचे ते सांगितले.

या वागण्याचा परिणाम रांगेवरही दिसतो. अतिदक्षता विभागाची चिठ्ठी आली की काउंटरवरून “यांना पुढे येऊ देऊ या का?” असे सर्वांना विचारले जाते आणि स्वतः थकलेली माणसेही बाजूला होतात. विचारण्याऐवजी हुकूम सोडला असता तर तेथे नक्कीच वादावादी झाली असती, असे मला वाटते.

उणिवाही सांगायला हव्यात. बसायला एकच बाक आहे आणि वृद्ध नातेवाइकांना पायरीवर टेकावे लागते. पावसात रांग भिजते. कन्नड बोलणारा माणूस सुट्टीवर असला की सीमाभागातल्या लोकांची अडचण होते. निदान सकाळ, दुपार, रात्र आणि जेवणाआधी-जेवणानंतर एवढ्या सूचना कन्नडमध्ये छापून पाकिटांवर चिकटवण्याची सोय मालकांनी करावी. न फोडलेली पाकिटे परत घेतात, परंतु पावती लागते आणि फ्रिजमधील औषधे परत घेतली जात नाहीत, हे सूचनाफलकावर मोठ्या अक्षरांत लिहिले पाहिजे, कारण डिस्चार्जच्या गडबडीत पावती हमखास हरवते.